छोटा सीएनसी राउटर घ्यायचाय? कोकणातल्या हौशी मंडळींचे नेहमीचे प्रश्न

सीएनसी राउटर म्हणजे संगणकाच्या हुकमाने, फिरत्या बिटाने (कोरायच्या पात्याने) लाकूड कोरणारं मशीन. टेबलावर मावेल असं मशीन घेऊन घराच्या नावाची पाटी, देव्हाऱ्याची नक्षी, चावीचे बिल्ले असं काहीबाही कोरायची हौस आहे, आणि राहणं अलिबाग ते वेंगुर्ला पट्ट्यात कुठेतरी आहे, अशांसाठी ही उत्तरं आहेत. मशीनची माहिती जगभर सारखीच असते. पण खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि न सांगता जाणारी लाईट यांचा हिशेब विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नसतो.

३०१८, ३०२०, ४०३० हे आकडे कसले?

कामाच्या जागेचे. ३०१८ म्हणजे ३०० मिलिमीटर लांब आणि १८० मिलिमीटर रुंद. उंचीची चाल बहुतेक मशीनना ४५ मिलिमीटरच्या आसपास असते. त्यातून क्लॅम्पची जागा वजा करा, म्हणजे हातात येते शाळकरी वहीएवढी जागा. ४०३० म्हणजे ४०० बाय ३००, ६०४० म्हणजे ६०० बाय ४००. एवढंच.

पहिलं मशीन म्हणून ३०१८ पुरेल का? की एकदाच मोठं घेऊन टाकू?

आधी तुम्ही काय कोरणार ते कागदावर लिहा. चावीचे बिल्ले, पेनस्टँड, छोटी नावाची पाटी, लाकडी शिक्के, सर्किट बोर्ड एवढंच असेल तर ३०१८ भरपूर झालं. होमस्टेसाठी अडीच-तीन फुटी बोर्ड डोक्यात असतील, तर ते यावर तुकडे जोडून करता येतात. पण प्रत्येक सांध्याला नक्षी जुळवत बसायला लागतं आणि तिथेच हौस फिटते.

मोठ्या मशीनची दुसरी बाजूही बघा. सांगाडा मोठा झाला, पण सळया आणि मोटर तीच राहिली, तर मशीन लवचिक होतं. मधोमध बिट लाकडात शिरलं की आडवा दांडा थरथरतो आणि कडा खरबरीत येतात. स्वस्तातलं मोठं मशीन घेण्यापेक्षा त्याच पैशात मजबूत छोटं घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

नावात प्रो, मॅक्स, अल्ट्रा असतं. त्याने काय फरक पडतो?

नावाने काहीच नाही, ती कुणीही लावतं. त्याऐवजी विक्रेत्याला हे विचारा. बाजूच्या उभ्या पट्ट्या ॲल्युमिनियमच्या आहेत की बॅकेलाइट-प्लास्टिकच्या? तिन्ही अक्षांना लिमिट स्विच (मशीन टोकाला पोचलं हे कळवणारे) आहेत का? लाल इमर्जन्सी बटण आहे का? उंची मोजायचा प्रोब सोबत येतो का? कंट्रोलर (मशीन चालवणारा बोर्ड) जीआरबीएलवर चालतो का?

शेवटचा प्रश्न नीट समजून घ्या. जीआरबीएल हे मुक्त फर्मवेअर आहे, म्हणजे बोर्डाच्या आतलं सॉफ्टवेअर, त्यामुळे कँडल किंवा युनिव्हर्सल जी-कोड सेंडरसारखी मशीनला हुकूम पाठवणारी फुकट सॉफ्टवेअर (सेंडर) त्याच्याशी बोलतात. उद्या बोर्ड जळला तर दुसऱ्या कंपनीचा जीआरबीएल बोर्ड बसवता येतो. कंपनीच्या स्वतःच्या ॲपशिवाय न चालणारं मशीन कितीही गोंडस दिसलं तरी घेऊ नका. ॲप बंद पडलं की ते शोकेसमध्येच जायचं.

लिमिट स्विच नसलेलं मशीन थोडं स्वस्त पडतं. पण आपल्याकडे ते पैसे वाचवू नयेत. का, ते लाईटच्या प्रश्नात येईल.

व्हिडिओत तर पाच मिनिटांत पाटी तयार होते. खरा वेळ किती लागतो?

व्हिडिओ पळवलेला असतो. हिशेब करूनच बघू. समजा २०० बाय १०० मिलिमीटरच्या पाटीवर अक्षरं उठावदार ठेवून बाकी सगळी पार्श्वभूमी ३ मिलिमीटर खोल खणायची आहे. बिट ३.१७५ मिलिमीटरचं. दर फेरीला ते आपल्या रुंदीच्या साधारण ४० टक्के, म्हणजे १.२७ मिलिमीटर बाजूला सरकतं. १०० मिलिमीटर रुंदी भरायला ७९ रेघा झाल्या. प्रत्येक रेघ २०० मिलिमीटरची, म्हणजे एकूण १५,८०० मिलिमीटर चाल. मिनिटाला ६०० मिलिमीटर वेग धरला तर एक थर सव्वीस मिनिटांचा. हे छोटं मशीन एका वेळी अर्धाच मिलिमीटर नीट खातं, म्हणजे सहा थर. झाले दोन तास अडतीस मिनिटं, आणि यात अक्षरांच्या कडा धरलेल्याच नाहीत.

तीच पाटी अक्षरं आत कोरून केली, तर पार्श्वभूमी खणायचीच नाही. मग काम अर्ध्या-पाऊण तासात आटोपतं. म्हणून सुरुवातीला कोरीव अक्षरं करा, उठाव नंतर.

मशीनशिवाय आणखी कशाला पैसे लागतात?

हातातल्या रकमेपैकी एक तृतीयांश बाजूला ठेवूनच मशीन निवडा. बिटांचे दोन-तीन प्रकार, ३.१७५, ४ आणि ६ मिलिमीटरचे ईआर११ कोलेट (बिट पकडणारी चिमटी), क्लॅम्प, डिजिटल व्हर्नियर, भुसा ओढायला छोटा व्हॅक्यूम, चष्मा, मास्क. सोबत फुकट येणारी बिटं हात बसेपर्यंत वापरायला ठीक असतात, नंतर चांगली आणा.

क्लॅम्पपेक्षा एक सोपी युक्ती आहे. लाकडाच्या पाठीला आणि खालच्या पाटाला मास्किंग टेप लावायची, दोन टेपांच्या मध्ये फेविक्विकचे थेंब टाकायचे आणि दाबून धरायचं. काम झालं की टेप सोलून निघते. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप पावसाळ्यात ऐन वेळी सुटते, तिच्यावर विसंबू नका.

बाहेरून मागवावं की इथल्या विक्रेत्याकडून?

इथल्याकडून. अलीएक्सप्रेसवर आपल्याकडे नोव्हेंबर २०२०पासून बंदी आहे. दुसऱ्या कुठून थेट मागवलं तर कस्टम ड्युटी आणि कुरिअर धरून आकडा कुठल्या कुठे जातो. इथल्या विक्रेत्याकडून जीएसटीचं बिल घ्या आणि वॉरंटी म्हणजे नेमकं काय ते लेखी विचारा. बरेचदा तिचा अर्थ ‘मशीन तुम्ही तुमच्या खर्चाने आमच्याकडे पाठवा’ एवढाच असतो. सावंतवाडीहून पंधरा किलोचं खोकं दिल्लीला पाठवायचं म्हटलं की वॉरंटीचा उत्साह मावळतो. सुटे भाग वेगळे विकणारा विक्रेता निवडणं जास्त शहाणपणाचं.

घ्यायला चांगली वेळ कोणती?

दसरा-दिवाळीनंतर. जूनमध्ये घेतलं तर शिकायचे पहिले महिने दमट लाकूड आणि लाईटची ये-जा यांतच जातात. बिघडलं काय, मशीन की लाकूड, तेच नवशिक्याला कळत नाही. श्रावणात घेणाऱ्यांच्या डोक्यात गणपतीची सजावट असते, ती पहिल्या वर्षी वेळेत होत नाही. नोव्हेंबर ते मे हात बसवा, पुढचा पाऊस सोपा जाईल.

खाऱ्या हवेत मशीन गंजेल का?

ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांना फारसं काही होत नाही. गंज धरतात त्या गोल सळया, लीडस्क्रू (फिरून मशीन सरकवणारा आट्यांचा दांडा), बेअरिंग, कोलेट आणि झाडून सगळे स्क्रू. समुद्र दिसतो अशा घरात पहिला पाऊस संपायच्या आत सळईवर तांबूस ठिपके दिसतात. त्या खरबरीत सळईवरून बेअरिंग फिरलं की मशीनची अचूकता गेलीच म्हणून समजा.

उपाय कंटाळवाणा आहे, पण चालतो. काम झालं की आधी भुसा ब्रशने झाडायचा. लाकडाचा भुसा हवेतली ओल धरून ठेवतो आणि सळईवर पडून राहिला की त्याच्याखालूनच गंज सुरू होतो. मग सुती कापडावर शिलाई मशीनचं तेल घेऊन सळया पुसायच्या, नुसता हात फिरवल्यासारखं. तेल थबथबलं तर भुसा चिकटून लेप होतो. घरात आहे म्हणून खोबरेल लावू नका, ते काही दिवसांत चिकट होतं. डब्ल्यूडी-४० ओल घालवायला आणि साफसफाईला चांगलं, पण वंगण म्हणून टिकत नाही. त्याच्यावर तेलाचा हात हवाच.

मशीन प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवणं सगळ्यात वाईट, ओल आतच कोंडते. प्लायचं खोकं करा, वर झाकण, आत सिलिका जेलच्या पुड्या. किंवा जुन्या पद्धतीचा पिवळा, गरम होणारा कमी वॅटचा बल्ब आत लावा, मशीनपासून हातभर लांब. एलईडी उपयोगाचा नाही, त्याला पुरेशी ऊबच नसते. बिटं आणि कोलेट स्टीलच्या डब्यात, तेलाच्या फडक्यात.

मशीनच्या बेडवरचा एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाचा) पाटही पावसात फुगतो. बसवतानाच एचडीएचएमआर या ओल सोसणाऱ्या दाट बोर्डाचा तुकडा घेतला तर फुगणं कमी होतं. तरी पाऊस सरल्यावर मशीननेच तो एकदा तासून सपाट करून घ्या.

कोरता कोरता लाईट गेली तर?

मशीन सरकवणाऱ्या, पावलापावलाने फिरणाऱ्या स्टेपर मोटरला आपण कुठे आहोत हे स्वतःहून कळत नाही. कंट्रोलर पावलं मोजत असतो, लाईट गेली की मोजणी संपली. लाईट आल्यावर मशीन जिथे उभं असेल त्यालाच शून्य समजतं आणि फाइल पुन्हा लावली की अर्धवट ‘श्री’वर दुसरा ‘श्री’ भलतीकडे सरकवून कोरत सुटतं.

लिमिट स्विच असतील तर होमिंग करता येतं. मशीन कोपऱ्यात जाऊन स्विचला टेकतं, आपली जागा नक्की करतं, आणि तुम्ही लावलेला कामाचा शून्यबिंदू बोर्डाच्या स्मृतीत साठवलेला असेल तर तोही परत मिळतो. मग सेंडरमध्ये जिथे थांबलं त्याच्या थोडं आधीच्या ओळीपासून फाइल सुरू करायची. त्याआधी बिट वर उचललेलं आणि स्पिंडल (बिट फिरवणारी मोटर) फिरतंय याची खात्री करा. हे सगळं जमण्यासाठी लाकूड तसूभरही हललेलं नसावं, म्हणून लाईट गेली की हात बांधून बसा. क्लॅम्प सोडू नका.

घरी इन्व्हर्टर असेल तर त्याच्यावरचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. साध्या मोडवर बदल व्हायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात बोर्ड रीसेट होतो. लॅपटॉप झोपू नये ही सेटिंगही बदला. कित्येक कामं महावितरणमुळे नाही, लॅपटॉप झोपल्यामुळे वाया जातात.

मध्येच यूएसबीचा संपर्क तुटत असेल तर आधी घराची अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, मग आखूड आणि फेराइटचा मणी असलेली केबल लावा.

लाकूड कुठलं वापरू? एमडीएफ बरं ना?

शिकायला बरं, कारण त्याला रेषा नाहीत. पण पावसात कडा फुगतात आणि त्याचा भुसा फार बारीक असतो, त्यात फॉर्मल्डिहाइडचा रेझिन मिसळलेला असतो. मास्कशिवाय एमडीएफला हात लावू नका.

आपल्या वखारीत याहून चांगला माल पडलेला असतो. शिवण माझ्या मते नवशिक्यासाठी उत्तम: हलकी, फिकट, सुकल्यावर फारशी वाकत नाही, कडा स्वच्छ येतात. फणस ताजा असताना हळदीसारखा पिवळा असतो, मग उजेडात वर्षभरात तपकिरी होत जातो. गिऱ्हाईकाला हे आधीच सांगा, नाहीतर ‘रंग उतरला’ म्हणून तक्रार येते. फणसाचे तंतू उलटसुलट जातात, त्यामुळे कडेला लव उठते. ती काढायला शेवटची फेरी अगदी पातळ घ्यायची. आंबा स्वस्त आणि मुबलक, पण नीट न सुकवलेला असला की काळे डाग आणि भुंगा. साग दिसायला राजा, पण त्याच्यात सिलिका असते, बिटाची धार लवकर जाते.

लाकूड कुठलंही असो, सुकं हवं. वखारीतून आणलेली फळी घरात, भिंतीपासून सुटी, मध्ये पट्ट्या घालून काही आठवडे राहू द्या. ओली फळी कोरताना सरळ असते, भिंतीवर लागल्यावर वाकते.

नारळाच्या करवंटीवर कोरता येईल का?

येईल, पण करवंटी गोल आहे आणि मशीनला ती सपाट वाटते. करवंटीची त्रिज्या ५५ मिलिमीटर धरा. २० मिलिमीटर रुंदीची नक्षी मधोमध ठेवली तर तिच्या कडेला करवंटी मध्यापेक्षा ०.९ मिलिमीटर खाली गेलेली असते. तुम्ही ०.३ मिलिमीटर खोल कोरणार असाल तर कडेला बिट हवेतच फिरणार. नक्षी १० मिलिमीटरची केली तर हा फरक पाव मिलिमीटरच्या आत येतो आणि काम जमतं. म्हणून करवंटीवर एखादं अक्षर, छोटा मासा, एवढंच. बसवायला लाकडात वाटीसारखा खळगा करून त्यात ग्लू गनने चिकटवा. भुसा घशाला खाजतो.

मराठी अक्षरं कोरताना तुटतात किंवा आत रेघा येतात. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि मशीनचा यात काही दोष नसतो.

पहिलं कारण: अनेक कोरीवकामाच्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जुळणी कळत नाही. थेट तिथे ‘विठ्ठल’ टाइप केलं की पहिली वेलांटी भलत्याच बाजूला जाते आणि ‘ठ्ठ’ सुटा होतो. त्यामुळे मजकूर तिथे लिहायचाच नाही. इंकस्केप या फुकट आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये युनिकोडमध्ये लिहा, शिफ्ट, कंट्रोल आणि सी दाबून त्याचा पाथ (नुसत्या रेषांचा आकार) करा, मग एसव्हीजी किंवा डीएक्सएफ म्हणून पुढे न्या. छापखान्यातून जुन्या फाँटमधली फाइल आणणार असाल तर त्यांच्याकडूनच अक्षरांचे कर्व्ह (रेषांचे आकार) करून घ्या.

दुसरं कारण लवकर लक्षात येत नाही. देवनागरी फाँटमध्ये प्रत्येक अक्षर आपापली शिरोरेघ घेऊन येतं आणि त्या टोकाला एकमेकींवर चढलेल्या असतात. मात्रा, काना यांचंही तेच. पडद्यावर सगळं काळं दिसतं म्हणून सांधा दिसत नाही, पण मशीनला ते वेगवेगळे आकार वाटतात आणि शिरोरेघेच्या आत उभे चरे पडतात. पाथ केल्यावर ग्रुप सोडा, सगळं निवडा आणि युनियन करा. मग बाह्यरेषांचं दृश्य लावून बघा. शिरोरेघ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड दिसली पाहिजे.

फाँट जाडसर आणि मोकळ्या पोटाचा घ्या. ‘एक टाइप’ या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फाँट फुकट आहेत आणि कोरायला छान. बारीक आकारात ‘क्ष’, ‘श्र’, ‘ण्ड’ यांची पोटं बुजतात, तेव्हा अक्षर वीस-पंचवीस मिलिमीटरपेक्षा लहान करू नका. एका रेघेच्या फाँटांचा जो संच इंकस्केपमध्ये असतो त्यात देवनागरी नाही. मराठीसाठी व्ही-कार्व्हिंगच करावं लागतं, म्हणजे टोकदार व्ही-बिटाने रेघेच्या जाडीप्रमाणे कमीजास्त खोल कोरणं. एफ-एन्ग्रेव्ह हे फुकट सॉफ्टवेअर ते व्यवस्थित करतं.

व्ही-बिट किती अंशांचं घ्यायचं?

पाट्यांसाठी ६० अंशांचं. ते १ मिलिमीटर खोल गेलं की रेघ १.१५ मिलिमीटर रुंद पडते. ९० अंशांचं तेवढ्याच खोलीत २ मिलिमीटर, ३० अंशांचं जेमतेम अर्धा. म्हणजे ३ मिलिमीटर जाड शिरोरेघेला ६० अंशांचं बिट २.६ मिलिमीटर खोल जाणार. फळी १० ते १२ मिलिमीटरची असली की काळजी नाही.

याच आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे. फळी एका टोकाला अर्धा मिलिमीटर खाली असेल तर तिथली रेघ अर्ध्या मिलिमीटरहून जास्त बारीक होते. ‘मशीन एका बाजूला नीट कोरत नाही’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा एवढंच असतं. फळी रंधून घ्या.

पितळ, ॲल्युमिनियम, जांभा दगड?

पितळेच्या पातळ पट्टीवर नाव कोरता येतं, एका फेरीला ०.१ मिलिमीटर घेत आणि सावकाश. ॲल्युमिनियमवर वरवरचं कोरकाम होतं, पण ते बिटाला चिकटतं, थोडं रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० लावत राहावं लागतं. जांभ्याचं नाव काढू नका. बिट जाईल आणि त्याची धूळ बेअरिंगमध्ये जाईल.

सोबत लेझरही मिळतोय. घेऊ का?

घरात लहान मुलं, मांजर किंवा डोकावणारे शेजारी असतील तर नको. उघडा डायोड लेझर नुसत्या परावर्तनानेही डोळ्याला इजा करतो, आणि चष्मा एकट्याने लावून भागत नाही. पीव्हीसी त्याच्याखाली कधीच ठेवायचं नाही, क्लोरीनयुक्त विषारी वायू निघतात.

गणपतीचं मखर यावर होईल का?

सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ला बंदी आली तेव्हापासून लाकडी मखराची चौकशी वाढली आहे. चार फुटी मखर ३०१८वर करणं म्हणजे महिनाभराचं काम. जाळीचे छोटे तुकडे, मोदक, उंदीर, नावाची पट्टी एवढं घरी करा. मोठ्या कमानी आठ बाय चार फुटांचं मशीन असलेल्याकडून कापून आणा.

आवाज आणि धूळ किती?

मिक्सर सतत चालू असल्यासारखा आवाज. दुपारी वामकुक्षी घेणारं कुणी घरात असेल तर पडवीत मशीन मांडायचा विचार सोडा. धुळीसाठी मास्क आणि व्हॅक्यूम. ओढणी, उपरणं, लोंबती माळ घालून मशीनजवळ वाकू नका, आणि हातमोजे तर मुळीच नकोत, ते बिटात गुंततात. चालू मशीन सोडून बाजारात जायचं नाही.

पाटी बाहेर, पावसात लावायची आहे. रंग टिकेल?

आधी पूर्ण पाटीला सीलरचा एक हात द्या. तो नसेल तर अक्षरांतला रंग लाकडाच्या रेषांमधून पसरतो. सीलर सुकला की अक्षरांत ऑइल पेंट भरा, सुकल्यावर वरचा पृष्ठभाग पॉलिश पेपरने घासा, रंग अक्षरांतच राहतो आणि कडा लख्ख येतात. शेवटी बाहेरच्या वापराचं पीयू (पॉलीयुरेथेन) पॉलिश, मागच्या बाजूला आणि कडांनाही. फ्रेंच पॉलिश पावसाळी हवेत पांढुरकं पडतं, ते नको. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे घ्या. साध्या लोखंडी स्क्रूभोवती लाकूड काळं पडतं.

बिघडलं तर कुणाकडे जायचं?

रायगड आणि उत्तर रत्नागिरीवाल्यांना मुंबई जवळ. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांसाठी लॅमिंग्टन रोड, हत्यारांसाठी नागदेवी स्ट्रीट. सिंधुदुर्गातून कोल्हापूर सोपं पडतं, शिवाजी उद्यमनगरात सळई टर्न करणारे आणि बेअरिंगवाले भरपूर. एक जादा कपलिंग (मोटर आणि लीडस्क्रू जोडणारा भाग), एक लिमिट स्विच आणि एक स्पिंडल मोटर घरात ठेवा. सोबत येणारी ७७५ मोटर ब्रशची असते, ब्रश झिजतात, आणि ती नेमकी शुक्रवारी संध्याकाळी बंद पडते.

जुनं मशीन मिळतंय, घ्यावं का?

मशीन बंद ठेवून बघा. स्पिंडल हाताने धरून हलवा, खडखडला तर बेअरिंग गेलंय. सळयांवरून नख फिरवा, खड्डे लागले तर सळया बदलाव्या लागतील. मग चालू करून एक चौकोन आणि एक वर्तुळ कोरून दाखवायला सांगा. चौकोनाचे दोन्ही कर्ण सारखे भरले पाहिजेत. वर्तुळ अंडाकृती आलं किंवा जिथे दिशा बदलते तिथे पायरी दिसली, तर लीडस्क्रूच्या नटात ढिलाई आहे. नट स्वस्त असतो, त्यामुळे तेवढ्यावरून नकार देऊ नका, भाव करा. मालक कोरून दाखवायला तयार नसेल तर मात्र चहा पिऊन परत या.